नालबंदाला विचारलं का?

वाचकहो, खरेदीच्या बाबतीत आपण किती शहाणे असतो, हे मी तुम्हांला सांगायला नको. मडकं घेताना आपण ते बोटांनी वाजवून बघतो. नारळ कानाशी धरून हलवतो. चार आण्यांची वांगी घेताना एकेक वांगं उलटंसुलटं करून भोक शोधतो. पण मोठी वस्तू घ्यायची वेळ आली आणि समोर कुणी इस्त्रीच्या कपड्यातला माणूस बसला, की हाच शहाणपणा कुठं जातो कोण जाणे. विचारलं तर तो काय म्हणेल, आपल्याला अडाणी समजेल, या भीतीनं आपण मान डोलावतो आणि घरी येऊन डोक्याला हात लावतो. नेऱ्याच्या हैबतरावांचं हेच झालं. आणि ते हैबतरावांचं व्हावं, याचंच मुळशी तालुक्यात सगळ्यांना नवल वाटलं.

कारण हैबतराव म्हणजे पारखी माणूस. पन्नाशी उलटलेली, चांगल्या भातखाचरांचे धनी, अंगानं उंचेपुरे. आसपासच्या कुठल्याही गावात बैल घ्यायचा झाला की लोक आधी त्यांच्या पडवीत येऊन बसायचे. ते बाजारात जायचे, दात बघायचे, चाल बघायचे, पाठीवरून हात फिरवायचे. पण एवढ्यावर सौदा कधी करायचे नाहीत. त्यांची एक रीत होती. विकणाऱ्या धन्याचं सगळं ऐकून घ्यायचे आणि मग त्या बैलाला नाल मारणारा नालबंद कोण, ते शोधून त्याला जाऊन विचारायचे. "धनी इकाया बसलाय, त्यो गुणच सांगनार," ते म्हणायचे. "नालबंदानं बैलाला पाडून त्याचं खूर बगितल्यालं असत्यात. पाडल्यावर बैलाला काय बी लपवता येत न्हाई."

पौडचा जैनुद्दीन नालबंद हा त्यांचा तीस वर्षांचा दोस्त. हैबतरावांच्या घरी आंबेमोहोर कांडला की पहिली पायली जैनुद्दीनच्या घरी जायची, आणि हैबतरावांच्या बैलांना जैनुद्दीनशिवाय दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

अशा माणसाच्या मनात मोटार आली. बासष्ट सालचा उन्हाळा होता. भात चार वर्षं चांगला पिकला होता, आणि मोटार आणली तर नेऱ्यातली ती पहिलीच ठरणार होती. पुतण्या नथू लॉरीवर क्लीनर होता, त्याला नुकतंच लायसन मिळालं होतं. त्यानं पुण्यातल्या एका दलालाचा पत्ता आणला. दोघं पुण्याला गेले.

दलालाकडे एक काळी मोटार उभी होती. आरशासारखी चकचकीत, आत लाल गादी. दलालानं "या हैबतराव, बसा" म्हणून खुर्ची दिली, कपबशीतून चहा दिला. हैबतरावांच्या वहाणांची धूळ त्याच्या फरशीवर उमटली होती, तिकडेच त्यांचं सारखं लक्ष जात होतं. पहिल्या मालकानं ही का विकली, दुरुस्तीला कुणाकडे जात होती, हे दोन प्रश्न अगदी जिभेवर आले होते. पण ज्याचा चहा पितोय त्याच्याच मालात खोट काढायची, हे त्यांना बरं दिसेना. दलालानं गाडीचं नोंदणीचं पुस्तक पुढं केलं. ते इंग्रजीत होतं. हैबतरावांना त्यातलं अक्षर लागत नव्हतं, तरी त्यांनी चार पानं उलटली आणि "ठीक हाय" म्हणाले. भोंगा दोनदा वाजवून बघितला, गादी दाबून बघितली, झालं! बैलाच्या बाजारात ज्या माणसाला कुणी फसवू शकत नव्हतं, त्याची पारख एका कपबशीनं संपली.

गावात मोटारीला ओवाळलं, नारळ फुटला. आठवडाभर हैबतरावांचा फेटा डोक्यावरून उतरला नाही.

मग पौडचा बाजार आला. नथू चालवायला आणि हैबतराव मागच्या लाल गादीवर ऐसपैस, असे दोघं बाजारात उतरले. माणसं गोळा झाली. जैनुद्दीन एका बैलाला नाल मारून हात पुसत उभा होता. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हसत विचारलं, "झ्याक हाय. हिच्या नालबंदाला इचारलं का?"

लोक हसले. हैबतरावही हसले, पण त्यांना ते कुठंतरी लागलं. जैनुद्दीन तोवर सवयीनं जमिनीवर आडवा झाला होता. आयुष्यभर जनावरांच्या पायांशी बसलेला माणूस तो, कुठल्याही वस्तूकडे खालून बघायची त्याला खोड होती. गाडीच्या पोटाला काळं डांबर फासलेलं होतं. त्यानं खूर तासायची सुरी डांबरावर टेकवली आणि जरा दाबली. सुरी आत गेली. लोखंडात जायला नको, ती गेली. गंजाचा लाल भुगा त्याच्या दाढीवर पडला.

"हैबतराव," तो खालूनच म्हणाला, "ह्यो खूर कुजल्याला हाय. वरनं डांबर थापलंय निस्तं."

सगळा बाजार ऐकत होता. हैबतरावांच्या कानशिलांत रक्त चढलं. त्यांच्या तोंडून जे निघालं, ते पुढं जन्मभर त्यांना आठवत राहिलं. ते म्हणाले, "मोटार म्हंजी बैल न्हाई, जैनुद्दीन. तू आपला खूर तास. ज्यातलं कळत न्हाई त्यात सुरी घालू नगंस."

जैनुद्दीन बाहेर आला. दाढी झटकली, सुरी धोतराच्या सोग्याला पुसली आणि पुढच्या बैलाकडे गेला.

परत येताना घोटवड्याच्या खिंडीच्या उतारावर नथूनं ब्रेकवर पाय ठेवला आणि ब्रेक तळाला जाऊन बसला. गाडी आवरेना. नथूनं प्रसंगावधान राखून ती डोंगराच्या अंगाला, एका मातीच्या ढिगावर घातली म्हणून दोघं वाचले. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. नथूनं घोटवड्यातून दोर आणि बैल आणून गाडी ओढून काढली. गावात सांगताना हैबतराव म्हणाले, वाटेत जनावर आडवं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी नाही असं बघून त्यांनी मागची लाल गादी उचलली. खालच्या पत्र्याच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ होता, आणि त्यात शिंपल्याचा एक लहानसा तुकडा. हैबतरावांनी गाळ बोटांत चुरून नाकाशी धरला. मातीत जन्म गेलेला माणूस, त्याला कुणी समजावून सांगायला लागलं नाही. हा नदीचा गाळ होता. आणि हा वास त्यांनी पूर्वी घेतलेला होता.

आदल्या साली पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा नेऱ्याहून भाकरीच्या दोन गाड्या घेऊन जाणारे हैबतरावच होते. नदीकाठच्या पेठांतला तो कंबरभर चिखल, त्यात रुतलेले संसार, छपरापर्यंत बुडून निघालेल्या मोटारी त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्या मोटारी पुढं गेल्या कुठं, हा प्रश्न त्यांना वर्षभरात एकदाही पडला नव्हता. त्यांतलीच एक आता आपल्या अंगणात उभी आहे, हे त्यांना गाळ हुंगल्यावर कळलं.

ते तडक पुण्याला दलालाकडे गेले. दलालानं पुन्हा खुर्ची दिली, पुन्हा चहा मागवला. हैबतरावांचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "पुरातलीच आहे ती. पण हैबतराव, तुम्ही विचारलंत कुठं? एक तरी प्रश्न विचारला होतात का मला?"

चहा तसाच ठेवून हैबतराव उठले.

त्यानंतरचा पंधरवडा त्यांनी मान खाली घालून काढला. कुणी बैलाचं विचारायला आलं तर अंग दुखतंय म्हणून निरोप द्यायचे. दलालाचा राग होताच, पण रागापेक्षा लाज मोठी होती. जैनुद्दीनचं खरं होतं, आणि ते चारचौघांत झिडकारलं होतं. आता ते कबूल कसं करायचं? त्यांनी एकच ठरवलं. नथूकडून ब्रेक कसाबसा चालता करून घ्यायचा आणि गाडी विकून मोकळं व्हायचं. लबाडी करावी असं त्यांच्या मनात नव्हतं, त्यांना फक्त आपली लाज झाकायची होती. पण वाचकहो, आपली लाज झाकायला आपण जे पांघरूण घेतो, ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावरून ओढलेलं असतं.

गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत आलं. जांब्याचा कुशाबा, तिशीतला कष्टाळू गडी, हैबतरावांना मामा म्हणायचा. त्याला पौडाहून पुण्याला उतारू न्यायचे होते. त्यासाठी त्यानं आणि त्याच्या बायकोनं, साळूबाईनं, घरची बैलजोडी विकायची ठरवली होती.

"मामा, म्या तुमच्याच रीतीनं गेलो," तो पडवीत बसत कौतुकानं म्हणाला. "आदी जैनुद्दीनचाचाला इचारलं."

हैबतराव पुढं सरकले. "काय म्हनला त्यो?"

"म्हनले, हैबतरावालाच इचार. त्यो खोटं सांगायचा न्हाई." कुशाबा हसला. "तवा सांगा मामा. काई खोट हाय का गाडीत?"

हैबतराव आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिले. ज्याला आपण बाजारात तोडून बोललो, त्यानं आपल्याबद्दल हे सांगावं! एक शब्द बोलायचा होता. तो शब्द ओठांवर आलाही. पण तो बोलला असता तर पंधरा दिवस झाकलेलं सगळं उघडं पडलं असतं.

"आवाज लई ग्वाड हाय तिचा," ते म्हणाले.

कुशाबाला एवढं पुरे होतं. येत्या बाजारी पौडात गाडी ताब्यात घ्यायची आणि मग जोडी विकून पैसे चुकते करायचे, असं ठरवून तो निघून गेला.

आत रंभाबाई, हैबतरावांची बायको, जात्यापाशी बसून हे ऐकत होती. जेवायला वाढताना ती बोलली. "मला बगाया तुमी आला, तवा तुमच्या वडलांनी आमच्या पानवठ्यावर दोन दिस काढलं. पोरगी पाय वढती का, घरात काई दुखणं हाय का, बायाबायांना इचारलं. मंग मला आनली. त्या साळूबाईनं कुनाला इचारायचं, त्ये तेवडं सांगा मला." एवढं बोलून तिनं भाजीची वाटी पुढं सरकवली.

बाजाराचा दिवस आला. नथूनं गाडी पौडला आणून वडाखाली उभी केली. कुशाबा यायचा होता. हैबतरावांची पावलं आपोआप जैनुद्दीनकडे वळली. तो एका पांढऱ्या बैलाचे पाय बांधून खाली बसला होता. त्या बाजारापासून दोघं बोलले नव्हते.

"तू कुशाबाला का न्हाई सांगितलंस?" हैबतरावांनी विचारलं. त्यांना वाटलं आपण चिडून विचारतोय, पण आवाज पडलेला होता.

जैनुद्दीननं मान वर केली नाही. "म्या सांगितलं असतं तर तुमी लबाड ठरला असता. तुमी सांगितलं तर निस्तं फसल्यालं ठराल. फसनं ह्यो गुन्हा न्हाई, हैबतराव."

"लोक हसतील. तीस वरीस पारखी म्हनवून घेतलंय म्या."

"हसू द्या की. बैल घसरला तर मानसं हसत्यात, पन हितं निसरडं हाय एवडं तरी मागच्याला कळतं. तुमी गपचिप उठून गेलात तर मागचा बी पडनार." त्यानं खिळा ठोकला, मग हातोडी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा हैबतरावांकडे बघितलं. "त्या दलालानं काय सांगितलं तुमाला?"

"म्हनला, तुमी इचारलंच न्हाई."

"कुशाबानं तर इचारलंया."

हैबतराव जागच्या जागी उभे राहिले. इतके दिवस ते त्या दलालाला मनातल्या मनात शिव्या देत होते. पण दलालाला कुणी विचारलं नव्हतं म्हणून तो गप्प राहिला होता. आपल्याला तर विचारलं होतं, समोर बसून, विश्वासानं विचारलं होतं, आणि आपण आवाज गोड आहे म्हणून सांगितलं. म्हणजे आपण त्या दलालाच्याही खाली गेलो. त्यांना तिथं उभं राहवेना.

तेवढ्यात वडाखालून भोंगा वाजला. हैबतरावांनी वळून बघितलं. कुशाबा आला होता आणि एकटा आला नव्हता. साळूबाईनं गाडीच्या कपाळावर हळदीकुंकू लावलं होतं, कुशाबाची म्हातारी आई लाल गादीवर अवघडून बसली होती, तिच्या दोन्ही अंगांना दोन लहान पोरी. भूगावचा उतार उतरून सगळी पुण्याला जाणार होती. नथू गाडीपाशी खाली मान घालून उभा होता. कुशाबानं ठेवलेला ड्रायव्हर चाकावर हात ठेवून बसला होता, गाडी सुरू झाली होती.

"उतरा!" हैबतराव धावत सुटले. "समदी खाली उतरा! डायवर, गाडी बंद कर आदी!"

बाजार थबकला. म्हातारी घाबरून उतरली, पोरी उतरल्या. हैबतराव धापा टाकत तिथं पोचले. काय झालं म्हणून कुशाबा विचारू लागला, पण ते मागं वळले. "जैनुद्दीन, सुरी दे," ते म्हणाले. जैनुद्दीन मागोमाग आला होताच, त्यानं सुरी हातात दिली. आणि नेऱ्याचे हैबतराव, फेटा बांधलेले, बाजारासाठी धुतलेलं धोतर नेसलेले, भर पेठेत धुळीत उताणे झाले आणि गाडीखाली सरकले.

त्यांनी सुरी डांबरात घातली. भुगा त्यांच्या तोंडावर, फेट्यावर पडला. "कुशाबा, हितं वाकून बग," ते खालून म्हणाले. "ही पुरात बुडल्याली गाडी हाय. हाडं कुजल्यात हिची. घोटवड्याच्या उतारावर हिनं मला आन् नथूला मारलंच हुतं. जनावर आडवं आलं म्हनून सांगितलं म्या, त्ये खोटं."

कुशाबानं वाकून बघितलं. तो म्हणाला, "मामा, म्या इचारलं हुतं की तुमाला."

हैबतराव बाहेर आले. त्यांना कुशाबाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, तरी त्यांनी बघितलं. "व्हय. तू इचारलंस आन् म्या खोटं बोललो. दलालानं मला फसवलं त्याची लाज हाय, ती चार दिसांत जाईल. पन तुला फसवाया निगालो हुतो, ती मरस्तवर जायाची न्हाई."

हसणारे हसले. मागून कुणीतरी "पारखी म्हनं!" असंही म्हणालं. हैबतरावांनी ते ऐकलं आणि पचवलं. साळूबाई दोन्ही पोरींना पोटाशी धरून उभी होती, तिनं पदरानं गाडीवरचं हळदीकुंकू पुसून टाकलं. ते पुसताना तिनं हैबतरावांकडे जे बघितलं, तेवढी शिक्षा त्यांना पुरेशी होती.

मग हैबतरावांनी सुरी आपल्या धोतराला पुसली आणि जैनुद्दीनच्या पुढं धरली. "तुला चारचौघांत बोललो, तवा माफी बी चारचौघांत मागतो. तुला कळत हुतं, मला कळत नव्हतं."

"जाऊ द्या, त्यात काय," जैनुद्दीन म्हणाला. "बैल तसाच बांदून ठेवलाय म्या, चला." आणि तो खरंच बैलाकडे निघाला. हैबतराव त्याच्या मागून गेले आणि खिळे संपेपर्यंत बैलाची मान धरून बसले.

त्या मोटारीची पुढं मोड झाली. हैबतरावांनी ती विकताना भंगारवाल्यालाही आधी गाळ दाखवला, तेव्हा तो म्हणे चक्रावून गेला होता. कुशाबाची बैलजोडी दावणीला राहिली. पुढल्या वर्षी त्यानं दुसरी मोटार बघितली, तेव्हा मात्र हैबतराव आणि जैनुद्दीन दोघंही बरोबर गेले. नोंदणीचं पुस्तक शाळेच्या मास्तरांकडून पान न् पान वाचून घेतलं. आधीच्या मालकाच्या घरी गेले. गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री शोधून काढला आणि तासभर त्याच्याशी बोलले. जैनुद्दीननं खालून बघितलं, हैबतरावांनी गाद्या उचलून वास घेतला. विकणाऱ्यानं चहा दिला, तो दोघांनी चवीनं घेतला. कप खाली ठेवून हैबतराव म्हणाले, "च्या झ्याक झाला. आता पुराच्या साली गाडी कुटं हुती, त्ये सांगा." विकणारा रागावला नाही. ज्याचा माल खरा असतो तो प्रश्नानं रागावत नाही, हे हैबतरावांना तेव्हा नव्यानं कळलं.

तर बंधुभगिनींनो, जुनी वस्तू घेणं वाईट नाही. तिचा मागचा जन्म न विचारता घेणं वाईट. आपण विचारायला लाजतो, मग फसल्याचं सांगायला लाजतो, आणि आपल्या या दोन लाजांच्या जोरावर खोट्या मालाचा धंदा गावोगाव चालतो. विचारण्यात कुणाचा अपमान नाही. आणि विकताना कुणी विचारो न विचारो, ठाऊक असलेली खोट सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. लाजायचंच असेल, तर गप्प राहण्याची लाज वाटू द्या.

ती लाल गादी अजून हैबतरावांच्या पडवीत आहे. सल्ला विचारायला येणाऱ्याला ते तिच्यावरच बसवतात. कोनाड्यात शिंपल्याचा तो तुकडा ठेवलेला असतो. नवीन माणूस कधी तो उचलून हे काय म्हणून विचारतो. हैबतराव तो त्याच्या हातून घेतात, कोनाड्यात होता तिथं परत ठेवतात आणि सांगतात, "कुशाबानं इचारलं हुतं, आन् म्या सांगितलं न्हाई. त्याची याद हाय ती."

मग ते त्याच्या शेजारी बसतात आणि आधी एवढंच विचारतात, "नालबंदाला इचारलं का?"